शाळा किंवा दवाखाना

६ मार्च, सोमवार

अधिवेशन सुरू झालं. माझी जागा तीच, शेवटून दुसरी रांग, खांबाशेजारी. खांबामुळे अध्यक्षांना मी अर्धीच दिसते. बोलायची परवानगी हवी असेल तर आधी डावीकडे झुकायचं, मग हात वर करायचा. साडेचार वर्षांत कंबर एका बाजूने चांगलीच तयार झाली आहे.

ही वही ह्यांनी दिली. म्हणाले, "सभागृहात तू बोललेलं सरकार छापतं. न बोललेलं कुठे जाणार?" ह्यांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. निवृत्त झाले तरी घरात कागद दिसला की लाल पेन बाहेर येतं. या वहीला हात लावणार नाही असं वचन घेतलं आहे. तेव्हा इथे ऱ्हस्व-दीर्घ माझ्या मर्जीचे.

मी तेवीस वर्षं बसची कंडक्टर होते. गेल्या निवडणुकीत आमच्या पक्षाचा ठरलेला उमेदवार अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी जिन्यावरून पडला आणि ऐन वेळी हाताशी मी सापडले. निवडून आले याचं सगळ्यात जास्त आश्चर्य पक्षालाच वाटलं. अजून वाटतं.

या अधिवेशनात माझं एकच काम. परिवहन खात्याने तोट्यात चालणाऱ्या त्रेसष्ट बसफेऱ्यांची यादी काढली आहे. वर्षअखेर त्या बंद. माझं विधेयक दोन पानांचं आहे आणि त्यात खरं कलम एकच: ज्या फेरीच्या मार्गावर शाळा किंवा दवाखाना आहे, ती फेरी तिथल्या लोकांची सुनावणी घेतल्याशिवाय बंद करता येणार नाही. एवढंच. बंद करू नका असं मी म्हणतच नाही, आधी विचारा म्हणते. साधं विधेयक आहे. सतराव्या तारखेला शुक्रवारी चर्चेला येतंय.



११ मार्च, शनिवार

सुट्टीला घरी. सासूबाईंनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य: "तुमच्या लोकांनी काल काय गोंधळ घातला सभागृहात. रेडिओवर ऐकलं." तुमचे लोक म्हणजे माझा पक्ष. सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि बावन्न वर्षं समोरच्या पक्षाला मत देत आल्या आहेत. मागच्या वेळी मी स्वतः उभी होते तरी त्यांनी तिकडेच मत दिलं आणि घरी येऊन मला तसं सांगितलंही.

जेवताना मी विचारलं, "आई, या वेळी तरी?"

"सून म्हणून तुझ्यात खोट नाही," त्या म्हणाल्या. "मत हा वेगळा विषय आहे."

समोरच्या पक्षाचा उमेदवार जवळजवळ ठरला आहे. बाजाराच्या रस्त्यावरचा डोळ्यांचा डॉक्टर, चाळिशीतला, हसरा. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यानेच केलं. "हात हलका आहे त्याचा," असं त्या मला तीनदा तरी ऐकवतात.

दुपारी मात्र त्यांनी यादी वाचून दाखवायला सांगितली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट फेऱ्या, कुठून कुठे, किती वाजता. त्या पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, या सगळ्या भागाचं बोलणं त्यांच्या हातून जायचं. त्यामुळे गावांची नावं ओळखीची वाटत असतील. मी वाचत होते आणि त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "सदतिसावी पुन्हा वाच." शेवटी शेवटी काही बोलल्या नाहीत. झोप लागली असावी. वयच आहे.

१४ मार्च, मंगळवार

आजचा दिवस सोन्याचा.

परिवहनमंत्र्यांनी त्यांच्या दालनात बोलावलं. मी घाबरतच गेले, कारण विधेयक त्यांच्या खात्याविरुद्ध आणि पक्ष एकच. पण माणूस काय बोलला. मला खुर्ची स्वतः ओढून दिली. चहा कपबशीतून आला, आमच्या कँटीनसारखा कागदी पेल्यातून नाही. म्हणाले, "ताई, तुम्ही जमिनीवरच्या. आम्ही फायलीतले. तुमच्या विधेयकाला सरकार पाठिंबा देईल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"फक्त एक किरकोळ दुरुस्ती," ते म्हणाले. "भाषेची. 'शाळा किंवा दवाखाना' जरा मोघम वाटतं. आमचे कायदेतज्ज्ञ म्हणतात, 'शाळा आणि दवाखाना' करू या. एक शब्द."

मला तर 'आणि' जास्त भारदस्त वाटलं. दोन्हींचा मान राहतो. 'किंवा' म्हणजे एखाद्याला घरी बोलावून 'याल किंवा नाही याल' म्हटल्यासारखं. लगेच होकार दिला, कागदावर सहीही केली.

निघताना निवडणुकीचा विषय निघाला. म्हणाले, तिकिटाची काळजी करू नका. त्यांच्या साडूंच्या पुष्कळ प्रवासी व्हॅन आहेत, बऱ्याचशा आमच्याच भागात चालतात. प्रचाराला लागतील तेवढ्या देतील. किती माणुसकी. लोक उगाच मंत्र्यांबद्दल वाटेल ते बोलतात.

१६ मार्च, गुरुवार

सकाळी आमदार निवासातून ह्यांना फोन केला. कामात होते म्हणून दोन दिवस बोलणं झालं नव्हतं. आनंदाची बातमी सांगितली आणि दुरुस्त केलेलं कलम वाचून दाखवलं.

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. 

"पुन्हा वाच," हे म्हणाले.

वाचलं.

"यादी जवळ आहे? पेन्सिल घे. ज्या फेरीवर शाळा आहे आणि दवाखानाही आहे, दोन्ही आहेत, तिच्यापुढे खूण कर. मी थांबतो."

मी पलंगावर यादी पसरून बसले. सगळे मार्ग मला पाठ आहेत, अर्ध्यांवर मी स्वतः तिकिटं फाडली आहेत. पहिल्या वीस फेऱ्यांत एक खूण. मग बराच वेळ काही नाही. डोंगरावरच्या वस्तीच्या फेरीशी आले. तिथे शाळा आहे, दवाखाना नाही. म्हणून तर लोक बसने खाली येतात. दवाखाना असता तर बस कशाला लागली असती?

त्रेसष्टपैकी चार खुणा झाल्या.

"चार," मी म्हटलं.

"आणि उरलेल्या एकोणसाठ, कोणालाही न विचारता, तुझ्याच कायद्याने बंद करता येतील." ह्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "एका शब्दाचं काम आहे. हुशार माणूस आहे."

मी सही केली आहे हेही सांगून टाकलं. तेवीस वर्षांत मला खोटी नोट कुणी दिली नाही. बोटांना कागद कळायचा. आणि इथे कपबशीतल्या चहावर मी भुलले.

"आता काय करू?"

"दुरुस्तीवर मत होतं ना? त्याआधी बोलायला मिळतं ना? मग बोल. छापून होईपर्यंत चूक दुरुस्त करता येते. छापल्यावर शुद्धिपत्र काढावं लागतं आणि ते कोणी वाचत नाही."

१७ मार्च, शुक्रवार

झालं ते जसंच्या तसं लिहिते.

माझं विधेयक साडेबाराला आलं. मंत्र्यांनी दुरुस्ती मांडली, माझं कौतुक केलं, बाकं वाजली. अध्यक्ष मत घेणार एवढ्यात मी खांबाबाहेर झुकले.

"अध्यक्ष महाराज, मला माझ्या विधेयकावरच्या दुरुस्तीला विरोध करायचा आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "सन्माननीय सदस्यांची तिच्यावर सही आहे."

"आहे. चुकून केली. मला 'आणि' कळला नव्हता. काल कळला."

सगळे हसले, दोन्हीकडचे. हसू द्या म्हटलं, हसणारा माणूस निदान जागा असतो. मग मी यादी काढली आणि वाचायला लागले. फेरी, मार्ग, शाळा आहे, दवाखाना नाही. फेरी, मार्ग, दवाखाना आहे, शाळा नाही. बसमध्ये थांबे पुकारायचे तसंच, त्याच आवाजात. दहाव्या फेरीला हसू थांबलं. विसाव्याला समोरच्या बाकांवरचा एकजण बोटांवर मोजायला लागला.

तेवढ्यात आमच्या प्रतोदांची चिठ्ठी आली. पक्षाचे सदस्य कुठे मत देतात आणि कधी गप्प बसतात हे बघणं हे त्यांचं काम. चिठ्ठीत एकच शब्द: 'बसा.' मी वाचत राहिले. दुसरी चिठ्ठी: 'बसा म्हटलं ना.' तिसरीत 'तिकीट' असं लिहिलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी उभीच राहिले.

मतविभागणी झाली. दुरुस्तीच्या बाजूने एकाहत्तर, विरोधात चौसष्ट. हरले. आमच्या बाजूचे चारजण उठून बाहेर गेले होते, त्यांचे मनातल्या मनात आभार मानले.

आता ते वाकडं झालेलं विधेयक मंजूर झालं असतं तर एकोणसाठ फेऱ्या माझ्या नावाने गेल्या असत्या. म्हणून मी पुन्हा झुकले आणि विधेयक मागे घ्यायची परवानगी मागितली. सभागृहाची परवानगी आहे का, अध्यक्षांनी विचारलं. दीड वाजला होता. मंत्री विजयी मुद्रेने कोणाशी तरी बोलत होते, बाकीच्यांना भूक लागली होती. सवयीने सगळ्यांनी एका दमात 'होय' म्हटलं. मंत्र्यांनी मान वर केली तोवर अध्यक्ष पुढच्या विषयावर गेले होते.

म्हणजे कायदा झाला नाही. पण वाईट कायदाही झाला नाही. याला यश म्हणायचं की काय ते कळत नाही. 

२२ एप्रिल, शनिवार

तिकीट गेलं. ते मंत्र्यांच्या साडूंना मिळालं, ते व्हॅनवाले. आता कळलं की बस बंद झाल्यावर त्या रस्त्यांवर कोणाच्या व्हॅन धावणार होत्या. मला हे कळायला पाच आठवडे लागले. ह्यांना मार्चमध्येच कळलं होतं, पण मला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत. सासूबाईंना तर म्हणे त्याच्याही आधी.

स्वयंपाकघरात तिघं बसलो. मी म्हटलं, "झालं, संपलं. मी आता घरी राहून झाडं लावते."

"तुझ्या हातचं झाड आजवर जगलंय का एक तरी?" सासूबाई म्हणाल्या.

हे म्हणाले, "अपक्ष उभी राहा."

"कोण मत देईल? ना पक्ष, ना माणसं, ना गाड्या."

"उभं राहायचं की नाही ते आधी ठरव. मत कोण देतं हे शेवटी कळतं. आधी कळलं असतं तर निवडणुका कशाला घेतल्या असत्या?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नकोस. माझा डॉक्टर ठरलेला आहे."

तरी उभं राहायचं ठरलं.

२ मे, मंगळवार

अर्ज भरला. निशाणी म्हणून बस मागितली, ती आधीच कोणीतरी नेली होती. मग घंटा मागितली, तीही गेली. शिडी मिळाली. ह्यांनी तिथेच सांगितलं, "शिडीतली 'शि' ऱ्हस्व आहे. एका जरी भिंतीवर 'शीडी' दिसली तर मी प्रचाराला येणार नाही."

संध्याकाळी दारात हॉर्न. माझे जुने ड्रायव्हरदादा, अकरा वर्षं एका बसवर आम्ही दोघं होतो. निवृत्तीनंतर घेतलेली जुनी जीप घेऊन आले होते, टपावर खरीखुरी शिडी बांधून.

"बाई, मी पंचेचाळीसच्या वर चालवत नाही. चालेल?"

"त्यांच्या पन्नास व्हॅन आहेत, दादा."

"असू देत. माझ्या जीपवरची शिडी लोकांना नीट दिसायला नको?"

९ मे, मंगळवार

घसा बसला. सकाळी सात गावं. साडूंच्या व्हॅन सगळीकडे लोकांना फुकट फिरवतायत. लोक त्यांच्या व्हॅनमधून माझ्या सभेला येतात आणि व्हॅनमधूनच परत जातात. दादा म्हणाले, "बरंय की. आपलं डिझेल वाचतं."

डोंगरावरच्या वस्तीवर शिवणकाम करणारी एक बाई आहे, माझ्या बसची जुनी प्रवासी. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला खाली शहरात जाते. शाळेच्या अंगणात वीसेक माणसं होती. मी भाषण सुरू करणार तर तीच उठली. "मी बोलते. तुझा घसा बसलाय." मग लोकांकडे वळून म्हणाली, "सकाळची बस आहे म्हणून मी आहे. व्हॅन माणसं भरेपर्यंत सुटत नाही आणि माझं मशीन माझ्यासाठी थांबत नाही. बस." आणि बसली.

यापेक्षा चांगलं भाषण मला जन्मात करता यायचं नाही. 

१३ मे, शनिवार

घरात मात्र शत्रुपक्ष जोरात. सासूबाई आठवड्यातून तीनदा डॉक्टरांच्या दवाखान्यात जातात. सकाळी दहाला जायचं, एकला यायचं. डोळे दाखवायला एवढा वेळ लागतो का? मी विचारलं तर म्हणाल्या, "गर्दी असते. लांबलांबून माणसं येतात. बसून गप्पा होतात." तिथे बसून त्या डॉक्टरांचाच प्रचार करत असणार, दुसरं काय. मी काही बोलले नाही. प्रत्येकाला आपलं मत असतं.

जाताना माझी त्रेसष्ट फेऱ्यांची यादी घेऊन गेल्या. पंखा नसतो म्हणून वारा घ्यायला असेल.

१८ मे, गुरुवार

शाळेच्या सभागृहात तिन्ही उमेदवारांची एकत्र सभा. साडू आलेच नाहीत, त्यांनी निरोप पाठवला. मी आणि डॉक्टर दोघंच. डॉक्टर सज्जन माणूस आहे. माझा माइक बंद पडला तर स्वतःचा दिला.

एक गोष्ट चमत्कारिक. माझ्या सभांना हल्ली डोळ्याला पट्टी लावलेली माणसं फार येतात. आज अकरा मोजली. परवा नदीकाठच्या गावात सात होती. पहिल्या रांगेत बसतात, एका डोळ्याने माझ्याकडे बघतात आणि फेऱ्यांबद्दल नेमके प्रश्न विचारतात. "सदतिसाव्या फेरीचं काय?" सामान्य माणसाला फेरीचा नंबर कुठून माहीत असणार? डॉक्टर आपले पेशंट माझ्यावर पाळतीला पाठवतात असा मला दाट संशय आहे. ह्यांना सांगितलं तर हे खोकल्यासारखं करून बाहेर गेले.

सभा संपल्यावर डॉक्टरच म्हणाले, "बाई, आजींना सांगा, त्यांच्या डोळ्यांना आता काही झालेलं नाही. यायची गरज नाही."

"त्यांचा तुमच्यावर फार जीव आहे," मी म्हटलं.

"हो, ते मला दिसतंच आहे," ते म्हणाले आणि खूप हसले. नम्र माणूस.

२४ मे, बुधवार

खरं सांगायचं तर आज धीर सुटला. बाजारात साडूंची मिरवणूक बघितली, शेवट दिसेना. आमची जीप मागे अडकली. मी दादांना म्हटलं, आपण तिसरे येणार. दादा म्हणाले, "आपली बस कधी रिकामी गेली का? सुटताना चार माणसं असायची. शेवटच्या थांब्यापर्यंत पाय ठेवायला जागा नसायची."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं? माणसं तीच आहेत."

घरी आले तर हे पोस्टरवर लाल पेन चालवत बसलेले. चौदाशे पोस्टरं छापून भिंतींवर लागल्यावर त्यांना स्वल्पविराम चुकलेला दिसला होता. मला रडू येणार होतं, ते बघून हसू आलं.

२८ मे, रविवार

मतदान. सासूबाई सकाळी सातलाच तयार. आम्ही तिघं एकत्र गेलो, त्या माझ्या हाताला धरून चालत होत्या. रांगेत पुढे-मागे सगळे त्यांच्याशी बोलायला येत होते. मी उमेदवार, पण मला कोणी विचारेना. एक पट्टीवाली म्हातारी त्यांना म्हणाली, "लक्षात आहे, शिडी," आणि सासूबाईंनी तिला गप्प केलं. बिचारीला बहुधा त्यांनी डॉक्टरांची निशाणी सांगितली असेल, तिने गोंधळ घातला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "दिलंत?"

"दिलं. डॉक्टरला. त्रेपन्नाव्या वर्षी काय मोडायचं?"

घरातलंच एक मत गेलं. पण तोंडावर सांगितलं, हे बरं. मला राग आला नाही. भूक लागली होती, येताना तिघांनी उसाचा रस घेतला.

३१ मे, बुधवार

निवडून आले. दोनशे बारा मतांनी.

सकाळभर मी तिसरी होते. दुपारी दुसरी झाले. नदीकाठची गावं उघडली, डोंगरावरची उघडली, मग शेवटी बाजाराचा भाग राहिला. तिथे डॉक्टरांचा दवाखाना, त्यांचं घर, त्यांचीच माणसं. मी ह्यांना म्हटलं, चला, घरी जाऊ. आणि नेमकं तिथेच मला सगळ्यात जास्त मतं पडली. आजूबाजूच्या लांबच्या गावांतूनही पडली, जिथे मी एकदाही पोचले नव्हते. कारण काय हे कोणालाच सांगता येईना. माझ्या मते दादांनी त्या रस्त्यावर लावलेली पोस्टरं. शिडी मोठी काढली होती.

साडू तिसरे आले. डॉक्टरांनी सगळ्यांत आधी येऊन हात मिळवला. म्हणाले, "मला हरवलं कोणी ते मला माहीत आहे. घरी माझा नमस्कार सांगा."

घरी सांगितला. सासूबाई म्हणाल्या, "चांगला मुलगा आहे. पुढच्या वेळी येईल निवडून," आणि बावीस दिवसांनी पहिल्यांदा दुपारची झोप काढायला गेल्या.

ह्यांना मी म्हटलं, "आई विरोधात नसत्या तर आणखी मतं मिळाली असती, नाही?"  हे म्हणाले, "शक्य आहे," आणि पेनाचं टोपण लावलं.

१४ जुलै, शुक्रवार

नव्या सभागृहातलं पहिलं अधिवेशन. सरकार तेच, पण बहुमत आता जेमतेम तिघांचं. त्यामुळे अपक्षांना भलताच भाव आलाय. जागा दुसऱ्या रांगेत मिळाली, मध्ये खांब नाही. सवयीने डावीकडे झुकते आणि शेजारचा सदस्य दचकतो.

परिवहनमंत्र्यांनी पुन्हा बोलावलं. पुन्हा कपबशी. म्हणाले, "ताई, तुमचं विधेयक आणा. आपलं मागेच ठरलं होतं ना."

"शाळा किंवा दवाखाना," मी म्हटलं.

"अर्थात. 'किंवा'च."

मी चहा घेतला नाही. कागदही लगेच घेतला नाही. आधी फोनवर ह्यांना अक्षर न् अक्षर वाचून दाखवला, मंत्र्यांच्या समोर. हे पलीकडून म्हणाले, "दुसऱ्या ओळीत एक अनुस्वार राहिलाय, बाकी ठीक." मंत्र्यांनी स्वतःच्या पेनाने अनुस्वार दिला.

आज विधेयक एकमताने मंजूर झालं. मंत्र्यांनी वीस मिनिटं भाषण केलं, ही कल्पना त्यांच्या मनात किती वर्षं घोळत होती ते सांगितलं. समोरच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं, "आणि?" सगळं सभागृह हसलं, मंत्रीही हसले. मी बाक वाजवलं. श्रेय कोणी का घेईना, फेऱ्या राहिल्या.

१९ जुलै, बुधवार

सासूबाईंना डोंगरावरची वस्ती बघायची होती. म्हणाल्या, "सगळं आयुष्य त्या लाइनवर बोलले, गाव कधी पाहिलं नाही." म्हणून सकाळी सहा चाळीसच्या बसने आम्ही दोघी निघालो.

बस भरलेली. सासूबाईंना एका माणसाने उठून जागा दिली. दारामागची एक सीट आमदारांसाठी राखीव असते, पत्र्यावर तसं रंगवलेलं असतं. तिथे शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दप्तर पोटाशी धरून गाढ झोपली होती. कंडक्टर तरुण मुलगी होती, मला ओळखून लगबगीने पुढे आली आणि त्या पोरीच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला.

"झोपू दे."

"बाई, नियम आहे. वर पाऊण तास लागतो."

"माहीत आहे मला किती लागतो."

मी वरची दांडी धरली. पहिल्या वळणाला पाय आपोआप फाकले, दुसऱ्या वळणाला गुडघा सैल झाला. दांडीही सोडली तरी चाललं असतं. पाच वर्षं खुर्चीत बसून काढली, पण पावलांना रस्ता आठवत होता. खिडकीतून हवा येत होती. कंडक्टर माझ्या मागून तिकिटं फाडत गेली, तिचा हात माझ्यापेक्षा चपळ आहे.

सासूबाईंच्या शेजारी कोणी अनोळखी बाई होती. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "त्या तुमच्याबरोबर आहेत? त्यांना बसायला नाही मिळालं का?"

"माझी सून," सासूबाई म्हणाल्या. "तिला उभं राहायची सवय आहे. तुम्ही बसा निवांत."